शनिवारचा घाणा

मार्साली मॅकॉले कुणाच्या घरी गेली की "कशी आहेस?" असं विचारायच्या आधी फळीवरच्या माशाच्या बंद डब्यावर अंगठा ठेवायची. डबा घट्ट लागला तर खुर्चीत बसायची. टकटक वाजून दबला, तर घरधनिणीला न विचारता उचलून मागच्या दारी खड्ड्यात टाकायची. म्हातारपणी नजर अधू झाल्यावर तिने सुनेच्या बिस्किटांच्या डब्यालाही अंगठा लावला होता. "आई, त्यात बिस्किटं आहेत," सून म्हणाली. "असतील. पण बघितलेलं बरं," असं म्हणून बाईंनी त्यातली दोन काढून घेतली. रुआकीवी खाडीवरच्या दोन पिढ्या तिच्या या खोडीची थट्टा करत मोठ्या झाल्या, आणि थट्टा करणाऱ्यांपैकी एकाचंही पोट कधी डब्यातल्या माशाने बिघडलं नाही.

तिचा जन्म गलबतावरचा. स्कॉटलंडच्या डोंगरांतून उठून नोव्हा स्कोशियाला गेलेली आणि तिथल्या बर्फाला कंटाळून न्यूझीलंडला निघालेली ती सगळी माणसं. दोनदा मुलूख बदलला, गायी बदलल्या, बटाट्याची जात बदलली. शब्बाथ तेवढा बदलला नाही. रविवारी चूल पेटवायची नाही, पाणी भरायचं नाही, दाढी करायची नाही, शीळसुद्धा घालायची नाही. जे काही करायचं ते शनिवारी दिवेलागणीच्या आत. ते झालं की नाही यावर नजर ठेवायचं काम चर्चच्या मंडळीचे पंच कॉलिन मॅथेसन यांच्याकडे होतं, आणि हे कॉलिन म्हणजे मार्सालीचे वडील. पोरंटोरं त्यांना पाठीमागे 'कॉलिन दिवेलागण' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

मार्सालीने लग्न केलं ते फार्कर मॅकॉलेशी. खाडीत त्याच्याइतकं नेटकं जाळं टाकणारा दुसरा नव्हता. पण बोय मासा धरून करायचं काय? खारवून कितीही पिंपं भरली तरी घ्यायला कुणी नाही, कारण ज्याच्या त्याच्या दारात तोच मासा. त्यातच सरकारने जाहीर केलं होतं की आखाताच्या पलीकडच्या डोंगरात जो सोनं शोधून काढील त्याला मोठं बक्षीस. कुणीतरी ते शोधलं, बक्षीस घेऊन गडी मोकळा झाला, आणि त्याच्यामागून शेकडो संसारांतले पुरुष तिथल्या टेम्स गावच्या खाणींत उतरले. त्यांत फार्करही गेला. वर्षातून दोनदा घरी यायचा, एकदा नव्या वर्षाला आणि एकदा बटाटे लावायला. लग्नाला किती वर्षं झाली असं कुणी विचारलं तर मार्साली म्हणायची, "त्याच्या हिशेबाने तेरा. माझ्या हिशेबाने दोन."

मग सोनं आटायला लागलं आणि सरकारला जाग आली. परदेशी पाठवायला काहीतरी नवं हवं होतं. रेशीम काढा, बक्षीस घ्या. पारा शोधा, बक्षीस घ्या. डब्यात मासे भरून पाठवा, वजनावर बक्षीस घ्या. मात्र पहिल्याच हंगामात दहा टन चांगला माल जहाजावर चढला पाहिजे. साडेनऊ टनाला हात हलवत परत. अँगस फिन्लेसनने ही जाहिरात प्रार्थनेनंतर अंगणात उभं राहून मोठ्याने वाचली. अँगसचं स्वतःचं गलबत होतं, आणि ते विकून मासे डब्यात भरायची शेड घालायची असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

"सरकारने माझ्या बापाला फुकट एकच गोष्ट दिली होती," कॉलिन म्हणाले, "देश सोडायचं तिकीट. तेही त्याने मागितलं नव्हतं."

लोक हसले. मार्साली मात्र हसली नाही. एका सरकारी बक्षिसाने तिचा नवरा नेला होता. आता दुसऱ्याने तो परत द्यावा, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. अँगसनेही शब्द दिला की बक्षीस मिळालं तर शेड बाराही महिने चालेल, आणि सगळ्या जाळ्यांची मुखत्यारी फार्करकडे. नाही मिळालं तर शेड विकायची. अँगसने गलबत विकून शेड घातली, आणि फार्कर हंगामापुरता घरी आला. खाणीतल्या मुकादमाने त्याची जागा ईस्टरपर्यंत राखून ठेवली होती.

शेडमधल्या उकळत्या कढया मार्सालीच्या ताब्यात होत्या. काम तसं कठीण नव्हतं, पण जराही घाई खपत नव्हती. मासे साफ करून मिठाच्या पाण्यातून काढायचे, डब्यात बसवायचे, झाकण वितळलेल्या धातूच्या डाखाने बंद करून मधे टाचणीएवढं भोक ठेवायचं. डबा पहिल्यांदा उकळला की त्या भोकातून वाफ सुटते आणि आतली हवा निघून जाते. मग भोकावर डाखाचा थेंब टाकायचा आणि लगेच दुसऱ्यांदा उकळायचं. गार झाला की चांगल्या डब्याची झाकणं आत ओढली जातात. मार्सालीच्या शेजारी मासे कापायला पलीकडच्या माओरी गावातली रिपेका असायची. हात आणि तोंड एकाच वेगाने चालवणारी ही बाई मार्सालीची जिवाभावाची मैत्रीण होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी खाडीत बोयांचा असा थवा शिरला की पाणी करडं दिसायला लागलं. अँगसने सगळी जाळी टाकायला लावली. बायका, म्हातारे, शाळामास्तर, सगळे सुऱ्या घेऊन बसले. ऊन मावळायला आलं तेव्हा शेवटच्या घाण्याचे डबे पहिल्यांदा उकळून झाले होते, झाकणांची भोकं उघडी होती, आणि दुसरं उकळणं बाकी होतं. तेवढ्यात कॉलिन काठी टेकत शेडच्या दारात आले.

"दिवे लागले," ते म्हणाले.

"बाबा, एकच घाणा राहिलाय."

"दर शनिवारी एकच राहतो."

"टनाहून जास्त माल आहे, बाबा. अर्धवट ठेवला तर..."

"मार्साली, विझव."

तिने विझवलं. मनात आलं ते आलंच, पण हात थांबले नाहीत, कारण लहानपणापासून त्या हातांना तेच वळण होतं. फार्करने पाण्याच्या बादल्या ओतल्या. रिपेका सुरी पुसत म्हणाली, "तुमचा देव रविवारी विसावा घेतो, ठीक. हे माशांना कुणी कळवलंय का?" कॉलिननी न ऐकल्यासारखं केलं.

रविवार कडक उन्हाचा निघाला. दोन्ही वेळच्या उपासनेत मार्साली पुढच्या बाकावर बसून घाम पुसत होती, आणि कानावर पडणाऱ्या एकाही शब्दाचा अर्थ तिच्या डोक्यात शिरत नव्हता.

सोमवारी सकाळी शेड उघडली. रिपेकाने एका डब्याच्या भोकाला नाक लावलं आणि म्हणाली, "हे जमिनीत घाला." अँगसचा चेहरा उतरला. तेव्हा कॉलिन पुढे आले. वाळवंटात इस्राएली लोकांना खायला आकाशातून मान्ना मिळायचा, ते म्हणाले. इतर दिवशी तो राखून ठेवला की किडे पडायचे. पण शब्बाथासाठी ठेवलेला मान्ना सडला नाही, त्याला वाससुद्धा आला नाही. देवाची आज्ञा पाळून जे बाजूला ठेवलं ते नासेल कसं? "डबे बंद करा," ते म्हणाले, "आणि शंका घेऊ नका."

आता हे वाचून कुणाला हसू येईल. पण त्या शेडमधल्या बायकांना ती गोष्ट पाळण्यात ऐकवलेली होती, आणि आणखी खरं सांगायचं तर सगळ्यांना ती पटायला हवी होती. अँगसला गलबत दिसत होतं, मार्सालीला नवरा. तिने भोकांवर डाख टाकला, नेहमीपेक्षा दीडपट वेळ उकळलं, डबे पुसले आणि शेडच्या मागच्या भिंतीला रचून ठेवले. आत कुठेतरी तिला कळत होतं. पण ज्या गोष्टीवर आपलं सुख टांगलेलं असतं, तिच्याकडे माणूस नीट बघत नाही.

तीन आठवड्यांनी बघावं लागलं. जहाज आणि सरकारी तपासनीस यायला महिना उरला होता, आणि एकूण माल दहा टनांच्या थोडा वर गेला होता. सगळीकडे आनंदीआनंद. मार्साली सकाळी डब्यांवरची धूळ झाडत मागच्या भिंतीपाशी गेली, आणि फडक्याखाली एक झाकण बाहेर आलेलं लागलं. अंगठा ठेवला. टक. शेजारच्यावर ठेवला. टक. तिने पूर्ण भिंत तपासली. चाळीस-पन्नास डबे फुगले होते, बाकीचे गुपचूप बसले होते. ती तिथेच खाली बसली. मग एक डबा एप्रनच्या खिशात घातला आणि किनाऱ्यावर गेली. फार्कर तिथे जाळं विणत बसला होता.

"शनिवारचा घाणा फुगलाय," ती म्हणाली.

"सगळा?"

"सगळा नाही. फुगलेले काढून टाकले, तर बाकीचे दिसायला चांगले आहेत. तपासनिसालासुद्धा काही दिसायचं नाही."

"आणि तुला?"

"ते उद्या फुगतील की वर्षाने, की फुगणारच नाहीत, मला सांगता येत नाही. सगळे काढले तर टनभर कमी पडतं. म्हणजे बक्षीस गेलं." तिने श्वास घेतला. "म्हणजे तू गेलास."

फार्करने विणायची सुई खाली ठेवली. "टेम्सला आमच्या खोलीत एक जण होता, टोबायस नावाचा. चांगला गायचा. एकदा कामावरून आला, डबा फोडला, उभ्याउभ्या खाल्ला. डब्यावर फार सुंदर गाय काढलेली होती. त्याला आम्ही चौथ्या दिवशी पुरलं." त्याने मांडीवरचं जाळं बाजूला सारलं. "डबा कोण खातो, मार्साली? ज्याची बायको जवळ असते तो डबा फोडत नाही. आमच्यासारखे खातात."

"मग परत जाशील?"

"जाईन."

"असं सरळ म्हणतोस! जाईन म्हणे! अकरा वर्षं मी इथे काय जाळ्याच्या गाठी मोजत बसले होते?"

"मी नाही म्हणालो तर तू ते डबे पाठवणार आहेस?"

तिला त्याचा भयंकर राग आला. त्याहून जास्त अभिमान वाटला, आणि हा माणूस पुन्हा बोटीत बसून जाणार या विचाराने रडूही आलं. तिने डोळे पुसले, त्याच्या पाठीवर एक जोराची थाप मारली आणि वडिलांच्या घराची वाट धरली.

कॉलिन ताक पीत बसले होते. तिने डबा टेबलावर ठेवला. "बाबा, अंगठा ठेवा," ती म्हणाली. त्यांनी ठेवला. मग तिने सुरीने झाकण फोडलं. जे बाहेर आलं त्याचं वर्णन नको. चुलीजवळची मांजर उठून बाहेर गेली एवढंच सांगतो. कॉलिन हलले नाहीत.

"मान्ना सडला नव्हता," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"तो देवाने पाठवला होता." त्यांनी ताकाचा पेला दूर सरकवला. "हे मासे आपण बक्षिसासाठी धरले होते. माझी टोपी कुठे आहे?"

कुणी सांगितलं असतं तर खाडीवर कुणाचा विश्वास बसला नसता. कॉलिन मॅथेसन शेडच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "त्या शनिवारी भट्टी विझवा म्हणालो, ते बरोबर होतं," ते म्हणाले. "आजही तेच म्हणेन. सोमवारी डबे बंद करा म्हणालो, ते चुकलं. मी देवाची आज्ञा पाळतो, मग त्याने माझे मासे सांभाळावेत, असा सौदा मी परस्पर करून टाकला. त्याला विचारलंच नव्हतं. तो घाणा सगळा पुरायचा. पहिला खड्डा मी खणतो."

मग रिपेका म्हणाली, "मी सोमवारीच सांगितलं होतं."

"हळू सांगितलंस," कॉलिन म्हणाले.

"आता मोठ्याने सांगू?"

"सांग. माझा हक्कच आहे ऐकायचा."

तिने नाक चिमटीत धरलं आणि असं काही ओरडली की धक्क्यावरचे पक्षी उडाले. पहिल्यांदा कोण हसलं कळलं नाही, पण शेवटी अँगससुद्धा हसला, आणि हसता हसता म्हणाला, "माझं गलबत पुरताय रे!" आणि त्याचे डोळे भरले. दुपारपर्यंत किनाऱ्यावरच्या माळावर खड्डा झाला. डबे फोडून, चुना टाकून बुजवला.

त्या दिवसापासून शेडचा नवा नियम झाला: शुक्रवारी दुपारनंतर थेट सोमवारपर्यंत मासा धरायचा नाही. नियम खुद्द कॉलिननी केला. मग तेच रोज सकाळी टेकाडावर जाऊन बसायला लागले. तरुणपणी ते मोठ्या गलबतांवर टेहळे होते, आणि दूरचं अजून झकास दिसायचं. जवळचं मात्र ताटातलंही चाचपावं लागे. थवा दिसला की टोपी हलवायची. पण टोपी फारशी हलली नाही. हंगाम सरत आला होता. जहाज यायला आठवडा उरला तरी निम्मीही तूट भरलेली नव्हती. फार्करने खाणीतले कपडे धुवायला काढले. मार्सालीने ते धुतले आणि वाळत घातले.

आणि शनिवारी सकाळी थवा आला. फेब्रुवारीतल्यासारखाच, अगदी धक्क्यापर्यंत. मुलं पालथी पडून पाण्यात हात घालत होती आणि मासे त्यांच्या बोटांना लागून जात होते. कुणीही जाळं उचललं नाही. सगळ्यांनी एकदा फार्करकडे पाहिलं, एकदा टेकाडाकडे. फार्करने होडी वाळूवर ओढली आणि उलटी करून ठेवली. अँगस घरी जाऊन डोक्यावर पांघरूण घेऊन झोपला. रविवारी उपासनेत खिडकीतून मासे उड्या मारताना दिसत होते, आणि पाळकबुवांनी खिडकी लावून घ्यायला सांगितली.

सोमवारी पहाटे कॉलिन टेकाडावर चढले. थवा खाडीतच होता. त्यांनी टोपी हलवली, मग काठीही हलवली. चार दिवस रात्रंदिवस कढया उकळल्या. कुणीतरी भारावून म्हणालं, "पंचसाहेब, हे तर मान्नासारखंच—" तर म्हातारा असा गरकन वळला की बोलणारा दोन पावलं मागे गेला. "भांगाचं पाणी आहे," कॉलिन म्हणाले. "भरती कमी चढली, खाडीच्या तोंडाच्या वाळूवरून माशांना बाहेर पडता आलं नाही. मान्नाचं नाव काढाल तर याद राखा."

शुक्रवारी जहाज आलं. मिस्टर हॉलिस हे तपासनीस उंच, सर्दी झालेले गृहस्थ होते. त्यांनी वजन करायला लावलं. काटा दहा टनाला टेकला, जरा डळमळला आणि पुढे सरकला. मग त्यांनी हवे तिथले डबे फोडायला लावले, प्रत्येकातला घास खाल्ला, आणि मार्सालीला मान लववली. निघताना माळावरच्या ताज्या मातीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "तिथे काय पुरलंय?"

"माझी चूक," कॉलिन म्हणाले. "टनभर होती."

हॉलिससाहेबांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. चेष्टा आहे का याचा अंदाज घेतला, नाक शिंकरलं, आणि बक्षिसाच्या कागदावर सही केली. शेड त्यानंतर अठ्ठावीस वर्षं चालली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मॅकॉलेंच्या घरी नेहमीची धांदल होती. थोरला डंकन लाकडं फोडत होता, मधली इसाबेल उद्याचं अन्न शिजवत होती, मार्साली बटाटे सोलत होती. फार्कर चुलीजवळच्या खुर्चीत बसला होता, कारण आजवर त्याला तिथेच बसवलं जायचं. आमच्याकडे पाहुण्याला काडीचं काम सांगत नाहीत. साय पाहुण्याच्या वाटीत, उबदार जागा पाहुण्याला. बादलीला हात लावला की मुलं धावायची, "राहू द्या बाबा, चार दिवसांसाठी आलात." मुलांनी हे प्रेमाने करावं आणि त्याने ते गिळावं, अशी अकरा वर्षं गेली होती.

धाकटी पेगी दारातून आत आली. कसल्यातरी विचारात होती. ती आईकडे गेली, तिच्या कानात काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं. मग बाहेर जाऊन दोन रिकाम्या बादल्या ओढत आणल्या आणि फार्करच्या पायाशी ठेवल्या.

"आई म्हणते तुम्ही आता जाणार नाही."

"नाही."

"नव्या वर्षानंतरसुद्धा नाही?"

"नाही."

"मग बसलात काय? उठा की, पाणी आणा. दिवे लागायची वेळ झाली."

इसाबेल "पेगी!" म्हणून ओरडली. मार्सालीने तिला हाताने गप्प केलं, पण मान वर केली नाही, कारण हातातला बटाटा तिला धड दिसत नव्हता. फार्कर उठला. दोन्ही बादल्या उचलून तो ओढ्यावर गेला, भरून आणल्या, पिंपात ओतल्या आणि चौकटीत उभा राहिला. त्याचा सगळा चेहरा ओला होता.

"आणखी किती?" त्याने विचारलं.

"पिंप भरेपर्यंत," पेगी म्हणाली, आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसली.